बेस वाढतोय म्हणे? आधी गेट कुठलं ते विचारा

सप्टेंबर 2025 मध्ये अमेरिकेच्या स्पेस कमांडचं (अंतराळातलं लष्करी काम बघणाऱ्या विभागाचं) मुख्यालय कोलोरॅडो स्प्रिंग्जहून अलाबामातल्या हंट्सव्हिलला, रेडस्टोन आर्सेनल या लष्करी तळावर, म्हणजे बेसवर, हलवणार अशी घोषणा झाली. त्याच संध्याकाळी शेजारच्या मॅडिसन गावात राहणाऱ्या माझ्या भाच्याचा फोन. "मावशी, चौदाशे नोकऱ्या येतायत. घर आत्ताच घेऊन टाकू का?" म्हटलं, घराचं तुझं तू बघ बाबा. गावाने काय करायचं ते विचारायचं असेल तर सांगते. नॉर्दर्न व्हर्जिनियात वाहतूक नियोजनात माझी वीसेक वर्षं गेली, आणि त्यातली पाच-सहा एकाच आकड्याने खाल्ली.

तो आकडा 2005 च्या बेस-फेररचनेतला. तिला इथे सगळे 'ब्रॅक' म्हणतात. आमच्या व्हर्जिनियातल्या फोर्ट बेल्व्हॉर या बेसच्या वाट्याला सुमारे 19,000 नोकऱ्या आल्या आणि 15 सप्टेंबर 2011 च्या आत सगळं हलवून मोकळं व्हायचं असं कायद्यानेच ठरलं. (त्याच फेरीत आमच्याकडून आर्मी मटेरियल कमांड, म्हणजे लष्कराचा सामानसुमान पुरवणारा विभाग, उठून रेडस्टोनला गेली, म्हणजे भाच्याच्या गावाला हा पाहुणचार नवा नाही.) त्या काळात शिकले ते सांगते. तुमच्याही घराशेजारी बेस असेल तर उपयोगी पडेल.

घोषणेतला आकडा आला की आधी तो फोडायचा. वर्दीतले किती, सिव्हिलियन किती? वर्दीतला माणूस ऑर्डर निघाली की बिऱ्हाड घेऊन येतो. सिव्हिलियनचं तसं नसतं. न्यू जर्सीतलं फोर्ट मॉन्मथ बंद करून तिथलं काम मेरीलँडमधल्या अ‍ॅबरडीनला नेलं, तेव्हा खूप जणांनी घर-संसार सोडून जायला नकार दिला. त्यांच्या जागी स्थानिक माणसं घेतली की गावात नवं घर लागत नाही, शाळेत नवं मूल येत नाही, पण गेटवर गाडी मात्र येतेच. काँट्रॅक्टर तर घोषणेच्या आकड्यात बहुधा नसतातच. ते मागाहून येतात आणि बेसबाहेर ऑफिस शोधतात. म्हणून शाळेसाठी एक आकडा, घरांसाठी दुसरा आणि रस्त्यासाठी तिसरा काढायचा. तिन्हींसमोर वर्ष लिहायचं. वर्ष नसलेला आकडा आराखड्यात घेऊच नका.

आता गेट. हे मात्र सावकाश वाचा.

नोकऱ्या बेसवर येतात, गाड्या गेटवर येतात. ओळखपत्र बघायला शिपायाला गाडीमागे दहा सेकंद लागतात असं धरा. एका लेनमधून तासाला 360 गाड्या, तीन लेनमधून 1,080. सकाळी सहा ते सात या तासात 1,500 गाड्या आल्या तर 420 बाहेर उभ्या. गाडी आणि तिच्यापुढची मोकळी जागा मिळून सात मीटर. गेटकडे जाणारा रस्ता एकाच लेनचा असेल तर जवळपास तीन किलोमीटरची शेपटी तयार होते, आणि ती शेपटी पडते तुमच्या गावाच्या चौकात. चौदाशेच्या घोषणेत हे कुठेच लिहिलेलं नसतं.

तेव्हा कुठल्या गेटवर किती वाढणार, हे विचारण्याआधी आज किती आहेत ते स्वतः मोजा. गेटच्या तोंडाशी नाही, तिथे वही घेऊन उभे राहिलात तर शिपाई चौकशीला येईल आणि ते बरोबरच आहे. दोन चौक अलीकडे, कॉफीच्या दुकानाच्या पार्किंगमध्ये गाडी लावायची. थर्मासमध्ये चहा. पंधरा-पंधरा मिनिटांचे रकाने, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. सकाळी साडेपाचपासून, कारण बेसचा दिवस तुमच्या-आमच्या आधी उजाडतो. मंगळवार, बुधवार किंवा गुरुवारी मोजा. शुक्रवारी कधीच नाही. मी स्वतः एकदा शुक्रवारी मोजणी करून आकडे अहवालात घातले होते. सिव्हिलियन नोकरांपैकी पुष्कळ जण रोज तासभर जास्त काम करून एकाआड एक शुक्रवार सुट्टी घेतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. भर सुनावणीत एका निवृत्त सार्जंटने ते सांगितलं. मी कागद आवरले आणि खाली बसले.

गेटकडे दुर्लक्ष केलं की काय होतं ते बघायचं असेल तर व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रिया शहरातलं मार्क सेंटर बघा. संरक्षण खात्याच्या 6,400 जणांसाठी आय-395 हायवेच्या कडेला दोन टॉवर उभे राहिले आणि 2011 मध्ये माणसं यायला लागली. मेट्रो स्टेशन नाही, सेमिनरी रोडचा चौक आधीच तुंबलेला. शेवटी संसदेने पार्किंगवर 2,000 गाड्यांची मर्यादा घातली. हायवेवरून थेट उतरणारा रॅम्प व्हायला 2016 उजाडलं.

मग पैसे कोण देणार? लष्करी रस्त्यांसाठी संरक्षण खात्याची एक योजना आहे, पण तेव्हा तिचा मुख्य निकष असा होता की बेसमुळे वाहतूक दुप्पट होणार असेल तरच मदत. ओसाड माळावरच्या बेसला हे जमतं. जिथे रस्ता आधीच भरलेला आहे तिथे दुप्पट गाड्या मावणार कुठे? खुद्द नॅशनल अकॅडमीजच्या (सरकारला सल्ला देणाऱ्या विज्ञान संस्थांच्या) समितीने 2011 च्या अहवालात यावर बोट ठेवलं होतं. आराखड्याच्या खर्चासाठी मात्र संरक्षण खात्याचंच एक कार्यालय गावांना अनुदान देतं. 1961 पासून आहे, 2021 मध्ये त्याचं नाव बदललं. तुमच्या काउंटीने, म्हणजे जिल्ह्याने, अर्ज केलाय का, एवढंच विचारा. पुष्कळदा नुसत्या प्रश्नानेच हालचाल होते.

शाळांचं वेगळं. बेसच्या जमिनीवर मालमत्ता कर नाही, म्हणून 1950 पासून केंद्र सरकार पात्र शाळांना 'इम्पॅक्ट एड' देतं. त्यासाठी शरद ऋतूत मुलांच्या दप्तरातून एक फॉर्म घरी येतो: आई-वडील सरकारी जमिनीवर राहतात किंवा काम करतात का? आपली मंडळी तो घाबरून भरत नाहीत, नाहीतर तो फ्रिजवर चुंबकाखाली पिवळा पडतो. भरा आणि परत पाठवा. न आलेल्या फॉर्मचं मूल मोजलं जात नाही.

एवढं झाल्यावरही लगेच बांधायला धावू नका. जॉर्जियात फोर्ट स्ट्युअर्टला आणखी एक ब्रिगेड, म्हणजे सैनिकांची मोठी तुकडी, येणार म्हणून शेजारच्या हाइन्सव्हिलमध्ये बिल्डरांनी पैसे घातले. 2009 मध्ये ती ब्रिगेड रद्द झाली. घरं तयार, राहणारे गायब. स्पेस कमांडचंच बघा ना: जानेवारी 2021 मध्ये हंट्सव्हिल, जुलै 2023 मध्ये कोलोरॅडो, आता परत हंट्सव्हिल. म्हणून जमीन आरक्षित ठेवा, नकाशे तयार ठेवा, सांडपाण्याची लाइन टाकताना थोडी मोठी टाका, कारण रस्ता दुसऱ्यांदा खणणं महाग. शाळेला आधी तात्पुरत्या खोल्या. पक्की इमारत तेव्हाच, जेव्हा बेसच्या आत खरोखर पाया खणला जाईल.

आवाजाचं एवढंच: घर घेण्याआधी बेसचा आवाजाचा नकाशा मागा. माझं बालपण देवळालीचं, तोफखान्याच्या फायरिंगने खिडक्यांची तावदानं थरथरायची आणि आई पोळ्या लाटत राहायची. आम्हाला सवय होती. लाखो डॉलरचं घर घेतलेल्या माणसाला ती नसते, आणि रेडस्टोनलाही चाचण्यांचे धमाके होतात.

हे सगळं भाच्याला फोनवर सांगितलं होतं. परवा त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर वहीच्या पानाचा फोटो पाठवला. पंधरा मिनिटांचे रकाने, पाचाच्या जुड्या, अक्षर त्याच्या आईसारखं सुरेख. कोपऱ्यात तारीख होती. कॅलेंडर उघडून बघितलं तर शुक्रवार. मंगळवारी परत जायला सांगितलंय.