अमेरिकेत पोरांकडे जाताय? व्हिसा नाही, आय-९४ ची तारीख पाहा
आपल्या नागपुरातले कितीतरी आई-बाबा व्हिसा १० वर्षांचा आहे म्हणजे कितीही दिवस राहता येते असं धरून चालतात, तसं नाही बरं भाऊ. व्हिसा म्हणजे फक्त तिथल्या दारापर्यंत जायची परवानगी, राहायचं किती ते एअरपोर्टवरचा ऑफिसर ठरवतो, बहुतेकदा ६ महिने. कधीपर्यंत राहायचं ती तारीख आय-९४ वर, म्हणजे तुमच्या अमेरिकेतल्या प्रवेशाच्या सरकारी नोंदीवर असते, पोचल्यावर सीबीपी म्हणजे तिथल्या सीमा-तपासणी खात्याच्या साइटवरून ती लगेच काढून घ्या अन् नाव, पासपोर्ट नंबर नीट तपासा. जास्त थांबायचं असेल तर तारीख संपायच्या आधीच आय-५३९ फॉर्म भरायचा. उगाच एक दिवस जरी जास्त राहिलात तरी तो १० वर्षांचा व्हिसा बाद होतो, अन् तारीख संपल्यावरचा मुक्काम १८० दिवसांच्या वर गेला तर परतल्यावर ३ वर्षं बंदी, नातवाच्या वाढदिवसासाठीसुद्धा हा धोका घेऊ नका प्लीज.