काळी काच वर असताना

आयटीआयला वेल्डर ट्रेड घेतलेली गावाकडची पोरं फोन करतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, "दादा, हेल्मेट कुठलं घेऊ?" काळ्या काचेच्या हेल्मेटचं सांगतोच, पण त्याआधी साध्या पांढऱ्या काचेच्या सेफ्टी चष्म्याचं. वेल्डिंगच्या धंद्यात माझे डोळे दोनदा दुखावले, आणि दोन्ही वेळा मी वेल्डिंग करत नव्हतो.

पहिल्या वेळी ट्रेडचं एक वर्ष नुकतंच संपलं होतं. कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका शेडमध्ये हेल्पर म्हणून लागून दुसरा आठवडा. गेटचं काम चालू होतं. मिस्त्री टॅक, म्हणजे जोड जागेवर धरणारा छोटा टाका, मारणार आणि मी लोखंडी अँगल गुण्यात, म्हणजे काटकोनात, धरून उभा राहणार. ते "हां" म्हणाले की मी तोंड फिरवून डोळे मिटायचे. टॅक म्हणजे सेकंदभराचं काम, त्यासाठी हेल्परला हेल्मेट कोण देतो? दिवसभरात साठ-सत्तर टॅक झाले असतील. काही "हां"च्या आधीच पडले. काही वेळा मी तोंड फिरवलं तर त्या बाजूला जीआयचा, म्हणजे जस्त चढवलेला, कोरा पत्रा उभा होता, त्यावरून उजेड तोंडावर आला. संध्याकाळी काही म्हणजे काही वाटलं नाही. खोलीवर आलो, जेवलो, झोपलो.

रात्री दीडला जाग आली ती डोळ्यांत मूठभर वाळू घालून कुणी पापण्या चोळतंय अशी. पाणी खळेना, मोबाईलचा उजेड सुरीसारखा लागत होता. रूममेटनं बटाटा किसून फडक्यात बांधून डोळ्यांवर ठेवला. आमच्या धंद्यातलं हे पिढीजात औषध. गार असतो म्हणून घटकाभर बरं वाटतं, एवढंच. भाजलेल्या डोळ्यात त्याचा रस गेला तर दुखणं वाढायची सोय.

सकाळी रूममेटच्या खांद्यावर हात ठेवून डोळ्यांच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी आधी एक थेंब टाकला आणि अर्ध्या मिनिटात सगळं दुखणं गायब. मग नारिंगी कागदाची पट्टी डोळ्याला टेकवली, निळा उजेड मारला आणि म्हणाल्या, "बुबुळभर ठिपके आहेत. वेल्डिंगवाले का?" आर्क म्हणजे वेल्डिंगची झगझगीत ज्योत, तिच्यातल्या अतिनील किरणांनी बुबुळावरचा पापुद्रा भाजतो. उन्हात पाठ भाजल्यासारखंच, तिथल्या तिथे कळत नाही; सहा ते बारा तासांनी कळतं. म्हणून आर्क लागते दिवसा आणि माणूस ओरडतो रात्री. मी म्हटलं, मॅडम, तो पहिला थेंबच लिहून द्या. त्यांनी साफ नाही म्हटलं. तो बधिर करणारा थेंब. घरी टाकत राहिलं तर दुखणं कळत नाही आणि जखमही भरत नाही. मेडिकलवाल्याकडे तो मागू नका, ओळखीचा असला तरी. मला दुसरे थेंब आणि गोळ्या मिळाल्या, दोन दिवसांत डोळे ताळ्यावर आले. दोन दिवसांचा रोज गेला तो गेलाच.

त्यानंतर लक्ष ठेवून बघितलं. काळी काच तोंडावर असताना वेल्डरचा डोळा सहसा जात नाही. जातो तो काच वर केल्यावर. स्लॅग, म्हणजे वेल्डवर जमलेली खपली, झाडताना, ग्राइंडर मारताना, शेजारचा टॅक मारत असताना, कुणासाठी तरी अँगल धरून उभं असताना. स्लॅगचा तुकडा तर काच वर केल्यावर चिपिंग हॅमरच्या पहिल्याच ठोक्याला उडतो, तोही गरम. म्हणून माझी पद्धत अशी: शेडच्या दारात पांढरा चष्मा डोळ्यांवर चढतो आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत उतरत नाही. हेल्मेट त्याच्यावरून घालायचं.

चष्मा पॉलिकार्बोनेटचा हवा. हे प्लास्टिक दोन कामं करतं. मार सोसतं, आणि रंग पांढरा असूनही अतिनील किरणं जवळजवळ सगळी अडवतं. त्या गेटच्या दिवशी तो माझ्या डोळ्यांवर असता तर ती रात्र बहुतेक टळली असती. पण याचा अर्थ पांढऱ्या चष्म्यातून आर्ककडे बघायचं असा काढू नका. दिसणारा झगझगीत उजेड आणि उष्णतेची किरणं तो अडवत नाही.

घेताना काडीवर किंवा काचेच्या कोपऱ्यावर बारीक अक्षरं असतात ती वाचा. आपला भारतीय मानक आयएस ५९८३, युरोपचा ईएन १६६, अमेरिकेचा झेड८७. शेवटच्यापुढे अधिकचं चिन्ह असेल तर जोराच्या माराची चाचणी झालेली. युरोपच्या मालावर 'एफ' दिसलं तर सहा मिलिमीटरची पोलादी गोळी सेकंदाला ४५ मीटर वेगानं मारून बघितलेली असते. आता आपला चार इंची ग्राइंडर धरा. मिनिटाला ११,००० फेरे म्हणजे डिस्कच्या कडेचा वेग सेकंदाला ५७ मीटरच्या वर, ताशी दोनशे किलोमीटर. ठिणगीतला कण त्या गोळीपेक्षा कितीतरी हलका असतो म्हणून चष्मा पुरतो. डिस्कच फुटली तर पुरत नाही. ग्राइंडरला गार्ड हवाच आणि चष्म्यावरून फेस शील्ड हवी. गार्ड काढून खिळ्याला टांगून ठेवणारे मिस्त्री भेटतील. त्यांची वेल्ड शिका, ही सवय नको.

काहीच छापलेलं नसेल तर चष्मा खाली ठेवा, कितीही भारी दिसला तरी. माझा आत्ताचा दीडशे रुपयांचा आहे.

पैसे वाया जातात ते मात्र मापात. दुकानात चष्मा लावून मान खाली घाला, डोकं हलवा. घसरला तर शेडमध्ये तो कपाळावर जाणार आणि मग घेतला काय नि नाही काय. भुवई आणि वरची कड यांत बोट शिरत असेल तर ठिणगीही शिरते. बाजूला कव्हर हवंच, मार बाजूनं जास्त येतो. उन्हाळ्यात घामानं आणि पावसाळ्यात दमटपणानं वाफ धरते, तेव्हा अँटिफॉग लिहिलेला घ्या. आणि काच बनियनच्या वेस्टनं पुसू नका. त्या वेस्टमध्ये लोखंडाचा कीस असतो, आठवड्यात काच धुरकट होते आणि दिसत नाही म्हणून माणूस चष्माच काढून ठेवतो. नळाखाली धरा, साबणाचं बोट फिरवा, स्वच्छ फडक्यानं टिपा. थिनर तर अजिबात नको, पॉलिकार्बोनेटला बारीक चिरा पडतात.

नंबर असलेल्यांनी आपल्या रोजच्या चष्म्याला सेफ्टी समजू नये. त्यावरून बसणारा मोठा चष्मा मिळतो, किंवा नंबरचाच सेफ्टी करून घेता येतो. कॉन्टॅक्ट लेन्स आर्कच्या उष्णतेनं बुबुळाला चिकटते ही गोष्ट प्रत्येक शेडमध्ये ऐकाल. खोटी आहे. पण लेन्सनं संरक्षण होतं असंही नाही.

आता काळी काच. तिच्या नंबराला शेड म्हणतात (कामाची शेड नव्हे, काळेपणाची छटा) आणि नव्या पोरांचा इथे हमखास घोळ होतो, कारण आपण रॉडलाही नंबर लावतो. दहा नंबरचा रॉड म्हणजे दहा गेज, ३.१५ मिलिमीटर. त्याचा काचेच्या दहा नंबरशी काही संबंध नाही. काच ठरते करंटवर. ६० ते १६० अँपिअरच्या रॉड वेल्डिंगला दहाची काच साधारण बरोबर, त्यावर अकरा-बारा. गॅस कटिंगला पाचच्या आसपास. म्हणून गॅसचा हिरवा गॉगल घालून आर्कवर बसायचं नाही. आधी जास्त काळी काच लावा, वितळलेल्या लोखंडाचा रस दिसत नसेल तर एकेक नंबर खाली या. काम थांबवल्यावर भिंतीकडे बघून डोळ्यांपुढे डाग नाचत असेल तर काच फिकी आहे. दोन काचा एकावर एक लावायची वेळ आली तर पाच आणि सहा मिळून अकरा होत नाहीत, दहा होतात. बेरजेतून एक वजा करायचा.

काळ्या काचेपुढची पांढरी काच स्पॅटर, म्हणजे वेल्डिंगचे उडणारे थेंब, झेलते. ती ठिपक्यांनी भरली की बदला. चहाच्या पैशात येते, पण लोक महिनोन्‌महिने चालवतात, मग टाका दिसत नाही म्हणून हेल्मेट वर करून टॅक मारतात. फिरून तेच.

आर्क पेटताच काच आपोआप काळी होणारं ऑटो हेल्मेट हजार-बाराशेपासून मिळतं आणि टॅकच्या कामाला सोन्यासारखं आहे, कारण ते वर करावंच लागत नाही. काच काळी नसतानाही अतिनील किरणं अडतात. दोन ठिकाणी मात्र दगा देतं. पाइपाआड वाकून काम करताना सेन्सर झाकला गेला तर काच काळी होत नाही. आणि ग्राइंडिंगवर ठेवलेलं बटण परत वेल्डिंगवर आणायला विसरलात तर पहिलाच आर्क उघड्या काचेतून दिसतो. मी विसरलोय, म्हणून सांगतो.

मालकाकडे चष्मा मागायची लाज बाळगू नका. १९४८च्या कारखाने अधिनियमात कलम ३५ खास डोळ्यांसाठी होतं, उडणाऱ्या कणांसाठी आणि झगझगीत उजेडासाठी. आमच्या चार माणसांच्या शेडला तो कायदा लागत नव्हता, पण डोळ्यांना ते माहीत नसतं. नाहीच दिला तर स्वतः घ्या.

दुसऱ्या वेळी चष्मा होता. कपाळावर. मे महिना, घाम पुसायला वर केला आणि सहा फुटांवर एक जण ग्राइंडर मारत होता. काहीतरी टोचलं. मिस्त्री म्हणाले, "ये हिकडं, काढतो," आणि रुमालाचं टोक फिरवलं. निघालं नाही, उलट रुतलं असावं. मी रात्र काढली. दुसऱ्या दिवशी त्याच डॉक्टरबाईंनी सुईनं कण उचलला, पण तेवढ्या वेळात लोखंडानं बुबुळावर गंजाचं कडं धरलं होतं. ते काढायला त्यांनी पेनाएवढं यंत्र आणलं, टोकाला मोहरीएवढा फिरणारा बर. डोळा बधिर, समोर बर फिरतोय, आणि मला हसू फुटायला आलं. हललो असतो तर पंचाईत होती. ग्राइंडरनं घातलेलं ग्राइंडरनंच काढलं.

गेल्या वर्षी कंबरेसाठी एमआरआय सांगितला. आधी भरायच्या फॉर्मवर प्रश्न होता: डोळ्यात कधी धातूचा कण गेला होता का? मी हो वर खूण केली. त्यांनी मला बाजूला बसवलं आणि आधी डोळ्यांचा एक्सरे काढायला पाठवलं, कारण आत लोखंड राहिलं असेल तर चुंबक ते हलवतो. तासभर बाकावर बसलो होतो. शेजारच्या माणसाच्या हातावर ठिणग्यांचे जुने पांढरे डाग होते. तोही त्याच एक्सरेसाठी थांबला होता.