मायदेशी चाललाय? बॅगेआधी इन्शुरन्सचं बघा

तिकीट काढून झालं, बॅगा काट्यावर तीनदा चढवून झाल्या, आणि परदेशातून घरी जाणाऱ्या कोणालाही ट्रॅव्हल इन्शुरन्सचं विचारलं की उत्तर ठरलेलं, "आपल्याच देशात तर चाललोय, कशाला हवाय". पहिली काही वर्षं मीपण हेच म्हणायचे.

तर आधी पॉलिसीचं वर्डिंग उघडायचं आणि व्याख्यांचा जो कंटाळवाणा भाग कोणीच वाचत नाही तिथे 'होम कंट्री' म्हणजे काय ते शोधायचं. निम्मी तयारी इथेच होते असं माझं मत. काही कंपन्या पासपोर्ट ज्या देशाचा तो होम कंट्री धरतात, काही तुम्ही सध्या राहता तो, आणि पहिली व्याख्या असेल आणि चार पानं पुढे 'होम कंट्रीतले उपचार वगळून' असं बारीक अक्षरात असेल तर प्रीमियम भरूनही तुम्ही इन्शुरन्सशिवायच फिरताय. नवरा-बायकोचे पासपोर्ट वेगळ्या देशांचे असतील, मुलं परदेशातच जन्मून तिथली नागरिक असतील, तर प्रत्येकाचं वेगळं तपासा. इमर्जन्सीत विमानाने हलवायची वेळ आली तर कुठल्या देशात नेणार हेही बऱ्याचदा याच व्याख्येवर ठरतं.

ऑफिसचा ग्रुप इन्शुरन्स आहे म्हणून निवांत असाल तर एचआरला एक मेल टाका, मायदेशात किती दिवस चालतो आणि फक्त इमर्जन्सीच का, आणि उत्तर लेखीच घ्या, कॉरिडॉरमध्ये कोणीतरी "हो हो असतंय की" म्हणालं ते क्लेमच्या वेळी कामाला येत नाही. क्रेडिट कार्डाच्या इन्शुरन्सचंही तसंच, बऱ्याचदा तिकीट त्याच कार्डावर काढलेलं असावं लागतं.

आणि सरकारी हॉस्पिटल आहेच की, असं गृहीत धरू नका. ब्रिटनची एनएचएस, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा घ्या, तिथला हक्क पासपोर्टवर नाही तर तिथे राहण्यावर ठरतो, त्यामुळे बाहेर स्थायिक झालेल्या ब्रिटिश माणसालाही हॉस्पिटलात ॲडमिट झाल्यावर बिल येऊ शकतं. तुमच्या देशाचा नियम काय आहे ते निघायच्या आधी बघा.

पॉलिसी निघायच्या आधीच घ्या, विमानतळावर उतरल्यावर आठवली तर बऱ्याच कंपन्या देतच नाहीत. परतीचं तिकीट लागतं का तेही विचारा. वर्षभराची मल्टी-ट्रिप असेल तर एका ट्रिपला दिवसांची मर्यादा असते, कुठे ३०, कुठे ४५, कुठे ९०, आणि घरी गेलं की मुक्काम लांबतोच हो!

बीपी, शुगर, जुनं ऑपरेशन, सगळं फॉर्मवर लिहा, गेल्या काही महिन्यांत गोळी किंवा डोस बदलला असेल तर तेही. इथे अजून एक मेख आहे. आपण बऱ्याचदा जातोच आईवडिलांच्या आजारपणासाठी, आणि त्यांचा आजार पॉलिसी घ्यायच्या आधीचा असेल तर त्यामुळे ट्रिप रद्द किंवा लवकर करावी लागली तरी ते पैसे मिळतीलच असं नाही, हे सरळ ईमेलने विचारून घ्या. दातांची कामं, चेकअप, ठरवून केलेली ऑपरेशनं सहसा यात येत नाहीत, त्याचं बजेट वेगळं धरा.

ॲडमिट व्हायची वेळ आली तर असिस्टन्स नंबरला, म्हणजे इन्शुरन्सवाल्यांच्या मदतीच्या नंबरला आधी फोन, अगदीच जमलं नाही तर पॉलिसीत दिलेल्या मुदतीत. नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहायला सांगा, घरातलं लाडाचं नाव केस पेपरवर गेलं की संपलं. डिस्चार्ज समरी, रिपोर्ट, औषधांची बिलं, पैसे भरल्याच्या पावत्या, सगळं मागून घ्या आणि तिथल्या तिथे फोटो काढा. एका ट्रिपला मी जिन्यावरून घसरले, मनगटाचं प्लास्टर झालं, बिलं नीट पाकिटात ठेवली, आणि परत येऊन क्लेमला बसले तर त्या गुळगुळीत कागदावरची शाई उडून पांढराशुभ्र कागद उरलेला. डुप्लिकेट पावती मिळवायला घरच्यांना चार चकरा मारायला लागल्या.

बॅग आली नाही तर विमानतळ सोडायच्या आधी काउंटरवर तक्रार नोंदवून पीआयआरची, म्हणजे त्या तक्रारीच्या रिपोर्टची कॉपी घ्या. १९९९ च्या माँट्रियल कराराप्रमाणे चेक-इन बॅग मोडकी मिळाली तर ७ दिवसांत, उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून २१ दिवसांत एअरलाइनकडे लेखी तक्रार करावी लागते, २१ दिवसांत आलीच नाही तर हरवली म्हणून दावा करता येतो.

शेवटचं म्हणजे, घरी पोचलात की सिम बदलता ना, तो नवा नंबर असिस्टन्सवाल्यांना फोन करतानाच द्या, नाहीतर ते बिचारे जुन्या नंबरावर कॉल करत बसतात आणि तो फोन ड्रॉवरमध्ये बंद पडलेला असतो.