घरचं ब्रॉडबँड आणि राउटर घेताना या चुका टाळा (आणि नेट अडकलं तर आधी काय बघायचं)

"१०० एमबीपीएसचा प्लॅन आहे तरी आतल्या खोलीत व्हिडिओ अडकतो, २०० चा घेऊ का?" हा प्रश्न मला नातेवाईकांपासून सोसायटीतल्या काकांपर्यंत सगळे विचारतात आणि बहुतेक वेळा कस्टमर केअरवाल्याने त्यांना आधीच "हो घ्या" म्हणून सांगितलेलं असतं. मनापासून सांगतो, प्लॅन वाढवायच्या आधी थांबा. घरात येणारं इंटरनेट आणि घरात फिरणारं वायफाय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, नेमकं कुठे अडतंय ते न बघता पैसे वाढवले तर बिल वाढतं आणि आतली खोली तशीच राहते. पुण्यात किंवा बाहेरगावी मुलं आणि सांगली-साताऱ्याकडे आईवडील अशा घरांमध्ये तर हे सर्रास होतं, त्या दोघांना फक्त संध्याकाळी नातवंडांशी व्हिडिओ कॉल करायचा असतो आणि त्यांच्या गळ्यात ३०० चा प्लॅन मारलेला असतो. मला याचा खरंच राग येतो.

पहिली चूक : बेडरूममधून स्पीड टेस्ट करणं

टेस्ट करायचीच तर लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडून करा. लॅपटॉपला लॅनचं भोक नसेल तर राउटरपासून चार-पाच फुटांवर उभं राहा, फोन ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर घ्या (राउटर दोन पट्ट्यांवर वायफाय देतो, २.४ लांब पोचतं पण हळू, ५ वेगवान पण जवळपुरतं), बाकीच्यांना दोन मिनिटं नेट बंद ठेवायला सांगा आणि मग बघा. तिथे १०० पैकी ९०-९५ येत असतील तर कंपनीचं काम झालं, घोळ घरात आहे. तिथेच ३० येत असतील तर मग राउटर बदलून काही होणार नाही, तक्रार करा.

अजून एक, स्पीड टेस्टचं ॲप बऱ्याचदा आपल्याच कंपनीचा किंवा अगदी जवळचा सर्व्हर आपोआप निवडतं आणि तिथे आकडा झकास दिसतो, म्हणून सर्व्हर बदलून दुसऱ्या शहरातला घ्या, आणि टेस्ट दुपारी एकदा आणि रात्री नऊ-दहाला एकदा करा. घरगुती फायबर जास्त करून जीपॉन पद्धतीचं असतं, त्यात एका लाइनवर येणारे साधारण २.५ जीबीपीएस स्प्लिटरमधून ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात, आणि पुढे कंपनीने स्वतःची मेन लाइन किती घेतलीय ते वेगळंच. रात्री सगळे एकदम मॅच बघायला बसले की कोणाकडे किती जोर आहे ते तेव्हाच कळतं.

आणि एमबी-एमबीचा गोंधळ. प्लॅनमधला १०० हा मेगाबिटचा आकडा असतो, डाउनलोड करताना दिसतो तो मेगाबाइटचा, ८ ने भागायचं. म्हणजे १०० च्या प्लॅनवर सेकंदाला १२ एमबीच्या आसपास डाउनलोड होत असेल तर तुमचं नेट एकदम ठणठणीत आहे.

किती स्पीड लागतो खरंच?

फुल एचडी पिक्चरला साधारण ५ एमबीपीएस, फोर-केला १५ ते २५, चांगल्या व्हिडिओ कॉलला येता-जाता ३-४. चार जणांच्या घरात एक फोर-के टीव्ही, दोन मीटिंगा आणि एक जण रील्स बघतोय असं धरलं तरी १०० मध्ये आरामात बसतं. फक्त आईवडील असतील तर ३०-४० पण पुरतो. विचारायचं ते अपलोडचं, म्हणजे आपल्याकडून बाहेर जाणाऱ्या स्पीडचं. व्हिडिओ कॉलमध्ये "तुझा आवाज तुटतोय" होतं ते बऱ्याचदा अपलोडमुळे किंवा वायफायमुळे. फायबरवर बहुतेक ठिकाणी अपलोड-डाउनलोड सारखंच देतात पण गच्चीवर ५जीचा डबा लावून देतात त्या कनेक्शनला अपलोड बरंच कमी मिळतं, फायबर येत नसेल तिथे ते घ्या, येत असेल तर फायबरच.

जाहिरातीतल्या आकड्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो, ५९९ चा प्लॅन ७०७ ला पडतो. अनलिमिटेडला पण लिमिट असतं, मोठ्या कंपन्यांच्या बऱ्याच प्लॅनमध्ये महिन्याला ३.३ टीबी, जे साध्या घरात संपत नाही, पण लहान लोकल प्लॅनमध्ये कमी असू शकतं, त्यामुळे लिमिटनंतर स्पीड किती होतो ते विचारून घ्या.

फायबर घरापर्यंत येतं का गच्चीपर्यंत?

हा प्रश्न जवळजवळ कोणीच विचारत नाही आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा हाच आहे. बरेच केबलवाले "फायबर आहे" सांगतात पण फायबर बिल्डिंगच्या गच्चीवरच्या डब्यापर्यंत येतं, तिथे एक नेटवर्क स्विच (एका लाइनवरून अनेक घरांना नेट वाटणारा डबा) असतो आणि तिथून डक्टमधून साधी लॅन केबल तुमच्या घरात सोडतात. चालतं ते, पण दोन त्रास लक्षात घ्या. त्या स्विचला लाइट लागते, म्हणजे घरात इन्व्हर्टर असून राउटर चालू असला तरी सोसायटीची लाइट गेली की नेट गेलं. आणि दुसरं, मे महिन्यात वळीव येतो, विजा कडाडतात, तेव्हा गच्चीवरून आलेल्या तांब्याच्या वायरीतून झटका येऊन राउटरचा वॅन पोर्ट (बाहेरून येणारी नेटची वायर लागते ते भोक) जळतो, दरवर्षी उन्हाळ्याच्या शेवटी अशी राउटरं रिपेअरवाल्याकडे पडलेली दिसतात. फायबर म्हणजे काचेचा धागा आणि काच वीज वाहून नेत नाही, त्यामुळे फायबर थेट घरातल्या डब्यात (त्याला ओएनटी म्हणतात) येत असेल तर ही भीती त्या बाजूने राहत नाही, आणि मधल्या स्प्लिटरला लाइट पण लागत नाही. लाइट जाणाऱ्या गावात तर हा फरक फार मोठा आहे. फक्त मग घरी ओएनटी आणि राउटर दोन्हीला बॅकअप द्या, छोटा राउटर यूपीएस मिळतो, घेताना ॲडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर बघून घ्या. ९ व्होल्टच्या राउटरला १२ व्होल्ट दिले तर राउटर गेला म्हणून समजा.

मोठी कंपनी का लोकल केबलवाला? नाव बघून ठरवू नका. तुमच्याच विंगमधल्या दोन घरांत जाऊन विचारा की पावसात नेट किती वेळा गेलं आणि माणूस किती तासात आला. कंपनीचं नाव काहीही असलं तरी शेवटी खांबावर चढणारा माणूस लोकलच असतो, आणि तो फोन उचलतो का नाही यावर तुमचं वर्क फ्रॉम होम अवलंबून आहे. काही नव्या सोसायट्यांत बिल्डरने एकालाच आत येऊ दिलेलं असतं, फ्लॅट भाड्याने घेतानाच हे विचारा.

भाड्याने राहणाऱ्यांची हमखास चूक म्हणजे ११ महिन्यांचा करार आणि १२ महिन्यांचं नेट ॲडव्हान्स. "१२ भरा, २ फ्री" ऐकायला छान वाटतं पण घर बदललं आणि नव्या एरियात त्यांची लाइन नसली तर उरलेले पैसे परत मिळवणं फार कटकटीचं होतं, सिमसारखं इथे पोर्ट करता येत नाही. आधी एक महिना घ्या, महाग पडला तरी चालेल, आवडलं की तीन किंवा सहा.

राउटर : खोक्यावरच्या आकड्याला भुलू नका

खोक्यावर १२०० लिहिलेलं असतं म्हणजे १२०० एमबीपीएस मिळणार असं नाही, २.४ गिगाहर्ट्झचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झचे ८६७ अशी कागदावरची बेरीज करून वर गोल केलेला आकडा तो. खरी गंमत मागच्या बाजूला आहे. स्वस्तातल्या बऱ्याच १२०० वाल्या राउटरचे पोर्ट फक्त १०० एमबीपीएसचे असतात, म्हणजे २०० चा प्लॅन घेऊन असा राउटर लावला की ९५ च्या वर आकडा कधीच जाणार नाही आणि लोक महिनोन्‌महिने कंपनीशी भांडत बसतात. स्पेसिफिकेशनमध्ये १०/१००/१००० किंवा गिगाबिट असं स्पष्ट लिहिलेलं पाहिजे, वॅन आणि लॅन दोन्हीला.

हाच ९५ चा आकडा केबलमुळे पण येतो. लॅन केबलमध्ये आठ वायरी असतात, गिगाबिटला आठही लागतात, १०० ला चारच पुरतात. घाईत काम करणारा माणूस चारच जोडून जॅक क्रिंप करून जातो. २०० च्या प्लॅनवर आकडा बरोब्बर ९४-९५ ला अडकून बसला असेल तर बहुतेक वेळा पोर्ट नाहीतर ही केबल, दुसरं काही शोधायच्या आधी हेच बघा.

ॲन्टेना चार का सहा यावर काही ठरत नाही. आज नवीन घेताय तर ड्युअल बँड (२.४ आणि ५ दोन्ही), वायफाय ६, गिगाबिट पोर्ट एवढं बघा, बहुतेक घरांना पुरतं. सिंगल बँडचा हजार रुपयांचा राउटर बिल्डिंगमध्ये राहणाऱ्यांनी घेऊच नका. आणि जुन्या टेलिफोन लाइनचा मॉडेम राउटर कोणी स्वस्तात देतंय म्हणून घेऊ नका, त्याचं मुख्य तोंड फोनच्या वायरीचं असतं, फायबरच्या कामाचं नाही.

कंपनीच्या डब्यामागे स्वतःचा राउटर लावताना केबल नव्याच्या वॅन पोर्टला लावा, आणि दोघांचं वायफाय एकाच वेळी वेगवेगळ्या नावाने चालू ठेवू नका, फोन मधेच याला मधेच त्याला चिकटतो. एकतर कंपनीचा डबा ब्रिज मोडवर (तो फक्त लाइन पुढे देतो, राउटरचं काम नवा करतो) टाकून घ्या नाहीतर नवा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर (तो फक्त वायफाय देतो) ठेवा. ब्रिज केलं तर पीपीपीओईचा (कंपनीच्या नेटला लॉगिन करण्याची पद्धत) युजरनेम-पासवर्ड लागतो, तो आधी मागून घ्या. लोकलवाले काही वेळा कनेक्शन जुन्या राउटरच्या मॅक ॲड्रेसला (प्रत्येक उपकरणाचा स्वतःचा ओळख क्रमांक) बांधून ठेवतात, सगळं बरोबर करूनही नवा राउटर नेट पकडत नसेल तर फोन करून "मॅक रीसेट करा" एवढंच सांगा.

राउटर कुठे ठेवलाय?

माणूस येतो, दाराजवळ वायर संपते, तिथेच चपलांच्या कपाटावर किंवा टीव्हीच्या मागे डबा ठोकून जातो. लावायच्या दिवशीच हट्ट धरा, दहा मीटर वायर जास्त लागली तरी त्याचे पैसे द्या पण राउटर घराच्या मध्यावर, डोक्याच्या उंचीला, उघड्यावर घ्या. आपल्याकडच्या आरसीसीच्या भिंती, लोखंडी कपाट, मोठा आरसा, फिश टँक हे सगळे सिग्नल खातात. कोकणातल्या चिऱ्याच्या आणि जुन्या वाड्यांच्या जाड भिंतीतून तर ५ गिगाहर्ट्झ दुसऱ्या भिंतीपलीकडे जेमतेम पोचतं. तिथे कितीही भारी राउटर घेतला तरी एकट्याने होत नाही.

मग लोक रिपीटर घेतात आणि तो जिथे रेंज नाही तिथेच लावतात. रिपीटर अर्ध्या वाटेवर लागतो, जिथे रेंज अजून चांगली आहे तिथे, आणि तरी साध्या रिपीटरवर स्पीड निम्म्यावर येतो कारण तो त्याच लहरींवर घेतो आणि त्याच लहरींवर पुढे देतो. सगळ्यात टिकाऊ उपाय म्हणजे कॅट ६ ची एक लॅन केबल आतल्या खोलीपर्यंत नेऊन तिथे दुसरा ॲक्सेस पॉइंट किंवा मेशचा (दोन-तीन नग मिळून एकच वायफाय देणारा संच) दुसरा नग केबलने जोडणं. घराचं काम किंवा रंग काढणार असाल तर त्याच वेळी इलेक्ट्रिशियनला सांगून वेगळा पाइप टाकून घ्या, लाइटच्या वायरीबरोबर एकाच पाइपात नको.

बिल्डिंगमध्ये २.४ गिगाहर्ट्झवर शेजारपाजारचे वीस-वीस राउटर ओरडत असतात, तिथे राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनल १, ६ किंवा ११ यापैकीच ठेवा आणि चॅनलची विड्थ (रुंदी) २० वर, मायक्रोवेव्ह पण याच पट्ट्यात चालतो. टीव्ही, लॅपटॉप ५ वर घ्या. स्मार्ट बल्ब, वायफाय कॅमेरा बहुतेक २.४ वरच चालतात, ते जोडताना अडलं तर दोन्ही बँडची नावं तेवढ्यापुरती वेगळी करा.

लाल दिवा लागला की

ओएनटीवर एलओएसचा दिवा लाल झाला म्हणजे प्रकाशच पोचत नाहीये. एकदा बंद-चालू करून बघा, बस. सुई घालून रीसेट अजिबात दाबू नका, सगळं सेटिंग पुसलं जातं आणि मग लाइन सुरू झाली तरी नेट येत नाही, दोन दिवस त्यातच जातात. पातळ पिवळी किंवा पांढरी वायर कुठे कपाटामागे दबलीय का, घडी पडलीय का ते बघा. हिरवा जॅक काढून फुंकर मारू नका, बोट लावू नका, डोळ्यासमोर तर धरूच नका, आतला लेसर दिसत नाही पण असतो. माणूस आला की त्याला मीटरवरची पॉवर दाखवायला सांगा, उणे १५ ते उणे २५ डीबीएमच्या (पोचणाऱ्या प्रकाशाच्या जोराचं माप) मधे असेल तर बरं, उणे २७ च्या आसपास असेल तर आज चालू झालं तरी पुढच्या पावसात परत जाणार, तेव्हा बाहेरचा जॉइंट नव्याने करून घ्या.

सीसीटीव्ही बाहेरून दिसत नाही ही तक्रार असेल तर ती बऱ्याचदा राउटरची नसते, बऱ्याच कंपन्या अनेक घरांना मिळून एकच पब्लिक आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) देतात, मग पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेलं कनेक्शन कॅमेऱ्याकडे वळवणं) कितीही केलं तरी उपयोग नाही. स्टॅटिक आयपी (फक्त तुमचा, न बदलणारा पत्ता) विकत घ्या नाहीतर कॅमेऱ्याच्या क्लाउड ॲपवरून बघा.

पासवर्डला मोबाइल नंबर ठेवू नका, राउटरच्या आतलं ॲडमिन-ॲडमिन पहिल्याच दिवशी बदला, डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता बटण किंवा पिनने जोडण्याची सोय) बंद करा. तुमच्या नेटवरून कोणी काही उद्योग केला तर चौकशीत नाव तुमचं निघतं.

तक्रार करताना डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) घेतल्याशिवाय फोन ठेवायचा नाही, आणि केबलने केलेल्या टेस्टचे वेळेसकट स्क्रीनशॉट ठेवायचे, वायफायवरचे दाखवले तर ते पहिल्या वाक्यातच उडवून लावतात. दाद मिळाली नाही तर त्याच कंपनीच्या अपिलेट अथॉरिटीकडे लेखी अपील करता येतं, ट्राय (टेलिकॉमची सरकारी नियामक संस्था) एकेकट्या ग्राहकाची तक्रार स्वतः सोडवत नाही त्यामुळे थेट तिकडे लिहून वेळ घालवू नका. कनेक्शन बंद करताना पण तोंडी नको, मेल करा, त्यांचा डबा आणि ॲडॅप्टर दोन्ही परत दिल्याची पावती घ्या आणि डिपॉझिट खात्यात जमा होईपर्यंत ती फोनमध्ये ठेवा.