टेक-ऑफनंतर कंट्रोल बिघडला तर: नव्या पायलटसाठी

जमिनीपासून 500 फुटांवर योक (विमान कलवायचं आणि नाक वर-खाली करायचं हँडल) अडला की पहिला मोह होतो धावपट्टीकडे वळण्याचा. वळू नका. बँक (विमानाचा एका बाजूला कल) वाढला की स्टॉलचा वेगही, म्हणजे ज्याखाली पंखांची उचल तुटते तो वेग, वाढतो, आणि वळणातून बाहेर यायला तोच बिघडलेला कंट्रोल लागतो. पंख समतल, वेग कायम, सरळ चढत राहा. रेडिओवर बोलणं नंतर.

मग स्वतःला विचारा: शेवटी काय बदललं? फ्लॅप (कमी वेगात जास्त उचल देणारे, पंखांच्या मागच्या कडेचे पट्टे) उचलताच विमान एका बाजूला कलू लागलं, तर दोन्हीकडचे फ्लॅप सारखे हललेले नाहीत. लिव्हर लगेच आधीच्या जागी न्या आणि नंतर त्याला हात लावू नका. योक जड लागतोय, नाक आपोआप वर-खाली होतंय, तर ऑटोपायलट चुकून लागलाय किंवा इलेक्ट्रिक ट्रिम (योकवरचा दाब कमी करणारी यंत्रणा) आपोआप पळत सुटलाय. योक घट्ट धरा, डिसकनेक्ट बटण दाबून धरा आणि ट्रिमचा सर्किट ब्रेकर ओढेपर्यंत सोडू नका, नाहीतर ट्रिम पुन्हा पळेल. मग ट्रिमचं चाक हाताने फिरवा.

एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारा, शेपटीवरचा हलता भाग) जास्त फसवा. ट्रिम टॅब (एलिव्हेटरच्या कडेची छोटी पट्टी) असलेल्या लहान विमानात केबल तुटून एलिव्हेटर मोकळा झाला, तर ट्रिम नेहमीसारखा चालतो. एलिव्हेटर जॅम झाला तर मात्र टॅबच छोटा एलिव्हेटर होतो आणि परिणाम उलटा मिळतो: नाक वर हवं तर चाक नोज-डाउनकडे. थोडंसंच फिरवा, बघा, मग पुढे. चढ-उतार थ्रॉटलवर सांभाळा. एलेरॉन (विमान कलवणारे, पंखांवरचे हलते भाग) गेले तर रडर (शेपटीवरचा उभा हलता भाग) पायाने हलकेच दाबून विमान कलवता येतं, पण उशिराने.

आता रेडिओवर मेडे (संकटाची हाक) द्या, ट्रान्सपॉन्डरवर (रडारला विमानाची ओळख देणारं यंत्र) आणीबाणीचा कोड 7700. लांब आणि आडवा वारा नसलेली धावपट्टी मागा. सुरक्षित उंचीवरच गिअर (विमानाची चाकं) आणि फ्लॅप लँडिंगच्या स्थितीत आणून वेग 5-5 नॉट्सने कमी करा. ताबा ढिला वाटू लागला की थांबा. अप्रोच (धावपट्टीकडे उतरणं) त्याहून जास्त वेगाने, आणि ती स्थिती जमिनीला टेकेपर्यंत बदलायची नाही.

यातले काही बिघाड जमिनीवरच सापडतात. 2018 मध्ये एअर अस्तानाचं एम्ब्रेअर 190 देखभालीनंतर लिस्बनजवळून उडालं, तेव्हा एलेरॉनच्या केबल उलट जोडलेल्या होत्या. विमान कसंबसं पोर्तुगालमधल्याच बेजाला उतरलं. बहुतेक जण योक मोकळा फिरतो एवढंच बघतात. दिशाही बघा: योक डावीकडे, तर डावा एलेरॉन वर, उजवा खाली.