रानपिंगळ्याची नोंद कशी करावी

मेळघाट, यावल, तोरणमाळ किंवा तानसाच्या जंगलात सकाळच्या उन्हात निष्पर्ण फांदीवर बसलेला पिंगळा दिसला आणि तो रानपिंगळा, म्हणजे एक दुर्मीळ छोटे घुबड, असावा असे वाटले, तर वहीत तसे लिहिण्यापूर्वी या पक्ष्याच्या बाबतीत एका खोट्या नोंदीने काय केले ते ठाऊक असावे. ब्रिटिश पक्षीअभ्यासक ह्यूमने 1873 मध्ये या पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि 1884 नंतर त्याचा एकही खात्रीचा नमुना (मारून, पेंढा भरून जपलेला पक्षी) मिळाला नाही. मात्र रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकारी व पक्षीसंग्राहकाच्या संग्रहात गुजरातेतील मांडवी येथे 1914 मध्ये मिळवला अशी चिठ्ठी लावलेला एक नमुना होता. पक्षी विसाव्या शतकातही त्या भागात होता असे या चिठ्ठीमुळे धरले गेले आणि पुढच्या शोधांची दिशाभूल झाली. अमेरिकी पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो नमुना बारकाईने तपासला, तेव्हा तो जेम्स डेव्हिडसन यांनी 1880 च्या दशकात खानदेशात मिळवलेला, नंतर चोरून नव्याने भरलेला पक्षी असल्याचे उघड झाले. मांडवीची नोंद बाजूला सारून जुन्या खऱ्या नमुन्यांच्या ठिकाणी शोध घेतला गेला, तेव्हा नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा दिसला. मधे 113 वर्षे गेली होती. आपण लिहिलेली एक ओळ किती लांबवर जाते याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

ओळख पटवताना डोक्यापासून सुरुवात करावी. गावाभोवती नेहमी दिसणाऱ्या ठिपकेदार पिंगळ्याच्या माथ्यावर पांढरे ठिपके स्पष्ट असतात आणि जंगली पिंगळ्याचे डोके बारीक आडव्या पट्ट्यांनी भरलेले असते. रानपिंगळ्याचा माथा मात्र राखाडी-तपकिरी आणि जवळजवळ कोरा असतो; फार तर अगदी पुसट ठिपके दिसतात. त्यानंतर छाती पाहावी. ती गर्द तपकिरी असते, कुशीवर आडवे पट्टे असतात आणि पोटाचा मधला भाग स्वच्छ पांढरा असतो. पंखांवर व शेपटीवर रुंद पांढरे पट्टे असतात. पाय पांढऱ्या दाट पिसांनी बोटांपर्यंत झाकलेले असतात, आणि आकाराच्या मानाने डोके, चोच व नख्या भक्कम दिसतात. यांपैकी एकाच खुणेवर निर्णय देऊ नये, कारण कडक उन्हात ठिपकेदार पिंगळ्याचे ठिपकेही धुवून गेल्यासारखे दिसतात. दिवसाउजेडी बसलेला आहे, एवढ्यावरूनही काही ठरत नाही; ठिपकेदार पिंगळाही दिवसा बसलेला दिसतो. मात्र रानपिंगळा दिवसा केवळ बसून राहत नाही, शिकारही करतो. उघड्या फांदीवरून खाली टक लावून पाहतो, अस्वस्थ झाला की शेपटी झटकतो, आणि सरडा, सापसुरळी किंवा उंदीर दिसताच झेप घेतो.

नोंद लिहिताना निष्कर्ष आधी न लिहिता जे दिसले ते आधी लिहावे. ‘सकाळी रानपिंगळा दिसला’ ही ओळ दहा वर्षांनी कोणाच्याही उपयोगाची नसते. नमुन्यादाखल अशी नोंद चालेल: ‘12 जानेवारी, सकाळी 8.10 ते 8.35. सागाचे जंगल, नाल्याचा काठ. निष्पर्ण झाडावर अंदाजे 8 मीटर उंचीवर एक पक्षी. माथा राखाडी-तपकिरी, ठिपके दिसले नाहीत. छाती गर्द, पोट मधोमध पांढरे. शेपटी वारंवार झटकली. दोनदा जमिनीवर झेप, दुसऱ्या वेळी चोचीत सरडा. अंतर 30 मीटर, दुर्बिणीतून, ऊन माझ्या पाठीमागून.’ यात पक्ष्याचे नाव कुठेही नाही, तरी वाचणाऱ्या जाणकाराला ते स्वतः ठरवता येते. सोबत समोरून व पाठीमागून घेतलेली छायाचित्रे आणि शक्य असल्यास आवाजाचे ध्वनिमुद्रण जोडावे. ओळखीविषयी शंका राहिली असेल तर शंका तशीच लिहावी. शंकेची प्रामाणिक नोंद खोट्या खात्रीपेक्षा कितीतरी मोलाची असते.

सर्वांत अधिक जपावे लागते ते वर्तनाच्या बाबतीत. पानगळीनंतर हा पक्षी पाहणे सोपे होते, पण साधारण ऑक्टोबर ते मे हाच त्याचा विणीचा काळ आहे आणि त्याचे घरटे झाडाच्या ढोलीत असते. म्हणजे आपल्याला जो काळ सोयीचा, तोच त्याच्या दृष्टीने सर्वांत नाजूक. ध्वनिमुद्रित आवाज वाजवून त्याला बोलावू नये, ढोलीत डोकावू नये, आणि घरट्याचे नेमके ठिकाण समाजमाध्यमांवर कधीही टाकू नये. जादूटोण्यासाठी घुबडांची शिकार आजही होते. ते ठिकाण वनविभागाला आणि अभ्यासकांनाच कळवावे. हा पक्षी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहे, आणि अभयारण्यात जाण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागते, हेही ध्यानात असावे.

आता या नोंदी कोठे पोहोचतात ते पाहू. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीसाठी (कोणत्या जातीला नामशेष होण्याचा किती धोका आहे हे सांगणाऱ्या यादीसाठी) पक्ष्यांचे मूल्यमापन बर्डलाइफ इंटरनॅशनल करते. रानपिंगळा पूर्वी ‘अतिसंकटग्रस्त’ गटात होता. 2018 मध्ये तो एक पायरी कमी धोक्याच्या ‘संकटग्रस्त’ गटात आला. पक्षी वाढले, असा याचा अर्थ काढणे चूक आहे. मधल्या काळात शोध वाढला, सातपुड्यात नवी ठिकाणे सापडली, आणि 2014 मध्ये ठाणे जिल्ह्यातील तानसा अभयारण्यात तो दिसल्याने पश्चिम घाटातील त्याचे अस्तित्व प्रथमच सिद्ध झाले. म्हणजे पक्ष्याविषयीची माहिती वाढली. प्रौढ पक्ष्यांचा अंदाज 250 ते 999 असा आहे, आणि ही संख्या घटत असल्याचे मानले जाते. निकष असा की प्रौढांची संख्या 250 च्या खाली आणि घटती असेल, तसेच ते लहान, विखुरलेल्या गटांत असतील, तर जात अतिसंकटग्रस्त ठरते. 2500 च्या खाली असेल तर, अशाच अटींसह, संकटग्रस्त. रानपिंगळ्याच्या अंदाजाचे खालचे टोक पहिल्या मर्यादेला जवळजवळ टेकलेले आहे, आणि म्हणूनच दोन-चार चुकीच्या नोंदींनी एखादे जंगल ‘पक्षी असलेले’ ठरले, तर तो खरा किती उरला आहे याचा अंदाजच बिघडतो.

याच कारणासाठी पक्षी न दिसलेल्या फेऱ्याही लिहाव्यात: किती वाजता निघालो, किती किलोमीटर चाललो, किती वेळ थांबलो. आसपास नवी तोड, वणव्याची काळी जमीन, सरपणासाठी छाटलेली झाडे किंवा जंगलात शिरलेली शेते दिसली, तर तीही लिहावीत, कारण याच बदलांमुळे त्याचा अधिवास आकसतो. पुढच्या हिवाळ्यात त्याच वाटेने, त्याच वेळी, तेवढाच वेळ पुन्हा जावे, आणि ज्या झाडावर तो बसला होता ते झाड उभे आहे की नाही, हे नोंदीच्या पहिल्या ओळीत लिहावे.