सोलापुरात घरच्या घरी स्ट्रीमर कसा बांधावा

रोहूला कणकेचा गोळा चालतो, मरळीला मात्र पळणारं सावज लागतं. उजनीच्या फुगवट्यात किंवा हिप्परग्याच्या तलावात काठच्या गवताआड दबा धरून ती छोट्या रुपेरी मासळीवर झडप घालते. गळाला केस आणि जर बांधून त्या मासळीचं सोंग उभं करायचं, त्याला म्हणतात स्ट्रीमर. ऑनलाइन मागवलेला स्ट्रीमर पाण्यात बुडालेल्या पहिल्याच बाभळीला अडकून तुटला की जीव हळहळतो. घरी बांधलेला तुटला तर रात्री बसून दुसरा बांधता येतो.

नमुना म्हणून मी नवशिक्यांना ‘मिकी फिन’च सुचवतो. 1930 च्या दशकात अमेरिकेत गाजलेला हा नमुना आहे. अंग चंदेरी आणि पाठीवर पिवळे-लाल-पिवळे केस, एवढाच त्याचा थाट. आपल्याकडच्या गढूळ, हिरवट पाण्यात हे भडक रंग उठून दिसतात. शिवाय अंगाला लागते जर, आणि जरीसाठी सोलापूरकराला कुठे लांब जायची गरज नाही.

सामान

गळ नेढं असलेला आणि लांब दांडीचा घ्या, 4 किंवा 6 नंबरचा. चपट्या टोकाचे बिननेढ्याचे गळ या कामाला नकोत. शिवणाच्या सामानाच्या दुकानातून चंदेरी बादला आणि काळा बारीक पॉलिएस्टर दोरा आणा. बादला म्हणजे भरतकामात वापरतात ती चपटी, चकचकीत पट्टी. प्लॅस्टिकची असेल तर अधिक बरी, कारण ती पाण्याने काळी पडत नाही. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात तांब्याच्या बारीक तारेचे तुकडे मागा, बहुतेक वेळा फुकट देतात. याशिवाय धारदार कात्री, मेणाचा तुकडा, पारदर्शक नेलपेंट आणि गळ पकडायला छोटा शेगडा. शेगडा नसेल तर लॉकिंग पक्कड टेबलाच्या कडेला घट्ट बांधा.

मूळ कृतीत हरणाच्या शेपटीचे केस असतात. इथे त्याचा विचारही नको, 1972 च्या वन्यजीव कायद्याचा मामला आहे. रानपक्ष्यांच्या पिसांनाही हात लावू नका. खाटकाकडून पांढऱ्या बोकडाची शेपटी आणली की काम झालं.

केसांची तयारी

घरच्यांची नाराजी ओढवते ती इथेच, म्हणून हे काम गच्चीवर करा. शेपटीतलं हाड आणि चरबी काढून कातड्याच्या बाजूला जाड मीठ चोळा आणि सावलीत वाळत ठेवा. एप्रिल-मेच्या सोलापुरी उन्हात टाकलीत तर केस कडक होऊन तुटायला लागतील. वाळली की कोमट पाण्यात शाम्पूने दोनदा धुवा. निम्मे केस पिवळे, थोडे लाल रंगवा. खाण्याचा रंग गरम पाण्यात घालून त्यात दोन-तीन चमचे व्हिनेगर टाकलं की केस रंग धरतात. पाणी उकळू मात्र देऊ नका. रंगवल्यावर स्वच्छ पाणी निघेपर्यंत खळबळून घ्या.

बांधणी

गळाचा वाक शेगड्यात पकडा, दांडी आडवी राहू द्या. उघड्या टोकावर खोडरबराचा बारीक तुकडा खोचला तर बोटही वाचतं आणि दोराही कापला जात नाही. दोरा मेणावरून एकदा ओढून घ्या. नेढ्यामागे साधारण दोन नेढ्यांएवढी जागा डोक्यासाठी सोडून दोरा सुरू करा, सुरुवातीच्या टोकावरूनच चार-पाच वेढे घेऊन ते दाबून टाका. आता एकाला एक लागून वेढे घेत वाकापर्यंत जा, तिथे तारेचं टोक बांधा आणि दोरा परत पुढे आणा.

बादला पुढच्या बाजूला बांधायचा. तिथून वाकापर्यंत गुंडाळत जायचं आणि त्याच वाटेने परत यायचं. दोन थर बसल्याने खालचा काळा दोरा दिसत नाही. पुढे आल्यावर दोऱ्याने दाबून जादा कापा. मग तांब्याची तार उलट दिशेने, अंतर सोडून, चार-पाच वेढ्यांत पुढे आणून बांधा. मरळीच्या दातांनी बादला फाटतो, तार असली की तो निदान सुटून लोंबत नाही. दोऱ्याचा ताण कुठेही सैल पडू देऊ नका. हात मोकळे हवे असतील तेव्हा रिळाला कपड्यांचा चिमटा लावून लोंबतं सोडा.

आता केस. सगळ्यांचं घोडं अडतं ते इथे. हाताला कमी वाटतात म्हणून प्रत्येक जण केस जास्त घेतो, आणि मग पाण्यात मासळीऐवजी दाढीचा ब्रश पोहायला लागतो. पिवळे, लाल, पिवळे असे तिन्ही झुपके मिळून, चिमटीत दाबल्यावर, काडेपेटीच्या दोन काड्यांइतकेच जाड हवेत. तळाचा पिवळा आणि मधला लाल सारखे, वरचा पिवळा या दोघांएवढा. प्रत्येक झुपका कापल्यावर मुळाकडची मऊ लव जुन्या टूथब्रशने विंचरून काढून टाका. ती राहिली तर गाठ फुगते आणि झुपका हळूहळू निसटतो.

लांबी दांडीच्या दीडपट धरा. झुपका दांडीच्या बरोबर वर, डाव्या हाताच्या चिमटीत धरा. दोरा चिमटीतूनच वर न्या, पलीकडून खाली आणा आणि सैल फेर बोटांतच पकडून ठेवा. आता दोरा सरळ खाली ओढा. बाजूला ओढलात तर केस घसरून पलीकडच्या कुशीवर जातात. असेच दोन फेर झाल्यावर मगच चिमटी सोडा आणि चार-पाच घट्ट वेढे द्या. पुढचा झुपका त्याच्यावरच, त्याच जागी. मुळाची टोकं नेढ्याकडे उतरती अशी तिरकी कापा, म्हणजे डोकं आपोआप निमुळतं होतं.

उघडी टोकं दोऱ्याने झाकून डोकं बनवा, नेढ्यापाशी तीन-चार अर्ध्या गाठी मारा, दोरा कापा. नेलपेंटचे दोन हात द्या. पहिला हात नीट वाळल्याशिवाय दुसरा लावू नका. डोळा हवा असेल तर टाचणीच्या डोक्याने पांढरा ठिपका आणि त्यावर काळा. नेढ्यात नेलपेंट गेलं असेल तर ओलं असतानाच सुईने मोकळं करा, नाहीतर पहाटे काठावर तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, ओवताना शिव्या द्याल.

पाण्यात

आधी बादलीत तपासा. हातभर तंगूस बांधून ओढल्यावर स्ट्रीमर सरळ पोहायला हवा. आडवा पडून गरगर फिरत असेल तर केस कुशीवर बसलेत. तो तंगूसाला पीळ घालत राहील, म्हणून ब्लेडने सोडवून पुन्हा बांधा. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाका, सोडायचा मासा सुखरूप सुटतो.

तलावावर जाण्याआधी तिथल्या मच्छीमार संस्थेची परवानगी घ्या, बऱ्याच तलावांचे हक्क अशा संस्थांकडे असतात. गवताच्या कडेला टाकून दोन-तीन छोटे झटके, मग क्षणभर थांबा, पुन्हा झटके. घास बहुतेक वेळा थांबल्यावर येतो. पावसाळ्यात मरळ पिल्लांचा थवा सांभाळत फिरते, तेव्हा तिच्यावर स्ट्रीमर टाकू नका.

घरी आल्यावर ओला स्ट्रीमर तसाच डबीत बंद केला तर आठवड्यात गळ गंजतो. रात्रभर थर्माकोलच्या तुकड्यात खोचून पंख्याखाली ठेवा.